नळीवरचा राघू आणि पिंजऱ्यातला राघू



पोपट हा आपल्या परमार्थाच्या अंगणातला फार जुना पक्षी. राजा परीक्षितीला सात दिवसांत ज्यांनी भागवत ऐकविले त्या महामुनींचे नावच शुक. वेदवृक्षाचे पिकले फळ शुकाच्या मुखातून आले म्हणून अधिक रसाळ झाले, असे भागवताच्या आरंभीच म्हटले आहे. आणि पोपटाने टोचलेला पेरू गोड असतो हे तर आपल्या गावच्या पोरासोरांनाही ठाऊक असते. मंडनमिश्रांच्या दारी पिंजऱ्यांतले पक्षी शास्त्रार्थ बोलत, अशी कथा शंकराचार्यांच्या चरित्रग्रंथांत आली आहे. राघूला रामनाम शिकविता शिकविता गणिका तरली, हे आख्यान कोणत्या कीर्तनात झाले नाही? हिरवे अंग, लाल चोच आणि नराच्या गळ्यात उपजत कंठ. वारकऱ्याला तो आपल्याच दिंडीतला वाटावा यात नवल नाही.

पण या साऱ्यांत मोठा राघू माउलींनी सहाव्या अध्यायात उभा केला आहे. आपणच आपला उद्धार करावा, आपणच आपले बंधू आणि आपणच आपले वैरी, असे भगवंत सांगतात, तेथे ज्ञानोबारायांनी नळीवरच्या शुकाचा दृष्टान्त दिला. पारधी दोरीत किंवा काठीत एक पोकळ नळी ओवून टांगतो. पोपट तिच्यावर बसला की त्याच्या भाराने नळी फिरते आणि पोपट उलटा होतो. खाली डोके, वर पाय. आता खरे पाहता त्याला कोणी धरलेले नाही. पंख मोकळे आहेत, आकाश मोकळे आहे. पंजे सोडले की झाले! पण त्याला वाटते, नळीने आपल्याला पकडले. म्हणून तो नळी अधिकच घट्ट धरतो, गळा ताणतो, धडपडतो, आणि पारधी येऊन त्याला फळासारखा खुडून नेतो. बांधणारा कोणी नाही, बांधलेपण मात्र पुरे आहे. जीवाची दशा अशीच आहे, हे तात्पर्य.

येथवर सारे नेहमीचेच. आता पुढे नीट लक्ष द्यावे.

नळीवरचा राघू आपल्याच भ्रमाने बांधलेला आहे. पण आपल्या ओसरीवर जो राघू टांगलेला असतो, तो कोणाच्या भ्रमाने बांधलेला आहे? त्याने काय सोडावे म्हणजे तो सुटेल? त्याच्या पिंजऱ्याच्या तारा मायेच्या नाहीत, लोखंडाच्या आहेत. कडी बाहेरून आहे आणि ती आपल्या बोटांनी लावलेली आहे. दृष्टान्तातल्या राघूला ‘तू मुक्तच आहेस’ असे सांगता येते. पिंजऱ्यातल्या राघूला तसे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला ‘अन्न मिथ्या आहे’ असे सांगण्यासारखे. हा भेद ध्यानात ठेवून पुढची हकीकत वाचावी.

बल्लारपुरास अखंड हरिनाम सप्ताहात माझी सेवा होती. बल्लारपूर म्हणजे वर्धा नदीच्या काठी गोंड राजांचा जुना किल्ला असलेले गाव. पेपरमिलचे, कोळशाचे आणि सागवानाचे. रेल्वेचा उतारू त्याला बल्लारशाह म्हणून ओळखतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली सागवान गेले ते याच गावच्या लाकूड आगारातून. तिसऱ्या दिवशी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध गृहस्थ जवळ आले. मिलमधून निवृत्त झालेले, गळ्यात माळ, एकादशी चुकविणारे नव्हेत. म्हणाले, “महाराज, माह्या घरी एकवीस पाखरं हायेत जी. लेकरावानी सांभाळतो. पण आषाढीले पंढरपूरले जावं म्हटलं का पाय निंगत नाही. आता हे सेवा म्हणावं का बंधन म्हणावं, तुमीच सांगा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. मागच्या पडवीत जाळीची एक खोली केलेली. सोळा बजरीगर, ज्यांना बाजारात लोक लव्हबर्ड म्हणतात ते, चिमणीएवढे, हिरवे, पिवळे, निळे. चार तुरेवाले करडे कॉकटेल. हे दोन्ही मूळचे ऑस्ट्रेलियातले. आपल्याकडे माणसांच्या हाताखालीच पिढ्यान्‌पिढ्या वाढलेले. आणि एका वेगळ्या पिंजऱ्यात एक राघू, आपल्या रानातला, गळ्यात काळा-गुलाबी कंठ असलेला. एकोणीस वर्षांपूर्वी जत्रेतून आणलेला. मला पाहून तो मान वाकडी करून म्हणाला, “विठ्ठल विठ्ठल, आजी!”

त्या घरचा दिनक्रम मी पाहिला. तो सांगण्यासारखा आहे.

पहाटे त्या माउली उठत. आधी पडदे काढावयाचे. मग पाणी बदलावयाचे. कालचे पाणी स्वच्छ दिसले तरी ओतून टाकून भांडे घासावयाचे. तळाचा कागद काढून विष्ठा पाहावयाची, कारण पाखराचा आजार तेथे आधी दिसतो. ही जात आजार लपविते बरे का! थव्यात जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकारी पक्ष्याची झडप आधी पडते, म्हणून पाखरू अंगात बळ असेतोवर निरोगीपणाचे सोंग करते. ते पिसे फुलवून एका कोपऱ्यात डोळे मिटून बसले, की दुखणे फार पुढे गेले असे समजावे. म्हणून सांभाळणाऱ्याने रोज प्रत्येकाकडे वेगळे पाहावे लागते. ‘सगळे ठीक आहेत ना?’ असे थव्याला विचारून चालत नाही.

नंतर दाणा. राळे आणि बाजरी. येथे त्या माउलींनी मला एक गोष्ट दाखविली. वाटी काठोकाठ भरलेली होती. मी म्हणालो, “दाणा तर पुष्कळ आहे.” त्या हसल्या आणि वाटीवर हलकेच फुंकर मारली. वरचे सगळे उडून गेले! बजरीगर वाटीवर बसूनच दाणा सोलतो, गर खातो आणि साल तेथेच टाकतो. वर फोलाचा थर साचतो, वाटी भरलेली दिसते, आणि नवशिक्याच्या घरी भरल्या वाटीपुढे पाखरे उपाशी मरतात.

सज्जनहो, यावर निराळे निरूपण कशाला करावे? आपल्या परमार्थाची वाटी अशीच भरलेली दिसते. माळ आहे, बुक्का आहे, हरिपाठ पाठ आहे. रोज एकदा फुंकर मारून पाहावी, खाली दाणा किती उरला आहे.

दाण्याबरोबर रोज थोडा हिरवा पाला: पालक, कोथिंबीर, शेवग्याची पाने. चोचीला आणि हाडांना समुद्रफेसाचा तुकडा. मीठ, चहा, चॉकलेट यांपैकी काही नाही. घरातल्या नातवंडांना हे दटावून सांगितलेले. धुराची तर मोठीच भीती. पाखरांचे श्वसन फार नाजूक. ऊद-धूप दाटला किंवा न चिकटणारा तवा रिकामा तापून त्याची वाफ सुटली, तर माणूस नुसता शिंकतो आणि पाखरू मरून पडते. म्हणून त्या घरात देवापुढचा धूप पुढच्या अंगणात दाखवितात आणि पाखरांजवळ फक्त फूल वाहतात. देव काही रागावला नाही!

चंद्रपूरचा उन्हाळा आपणांस माहीत आहेच. वैशाखात पारा ४६-४७ अंशांवर जातो. त्या दिवसांत जाळीवर ओले गोणपाट, वाळ्याची ताटी, दुपारी दोनदा गार पाणी. चोच उघडी टाकून, पंख अंगापासून दूर धरून पाखरू धापा टाकू लागले की ते उष्म्याने बेजार झाले असे ओळखावे. तिन्हीसांजेला पडदा, दहा-बारा तास झोप लागते. कॉकटेल अंधारात दचकून फडफडतो आणि पंख मोडून घेतो, म्हणून कोपऱ्यात एक मिणमिणता दिवा. सप्ताहाचा भोंगा त्या बाजूला करू नका, अशी विनंती त्या गृहस्थांनी मंडळाला केली होती आणि मंडळाने ती मानली होती. मला हे फार आवडले. नाम मोठ्याने घेण्यापेक्षा शेजारचा जीव न दचकविता घेणे अवघड आहे.

आणखी एक. त्यांच्या जाळीत मडकी नव्हती. मडके टांगले की बजरीगराची जोडी अंडी घालू लागते; एका वेळी चार ते सहा. पिले उडाली की पुन्हा. माद्या झिजून मरतात आणि वाढलेली पाखरे कोणाच्या तरी हवाली करावी लागतात. “वाढवनं सोपं हाय, पुरवनं कठीन हाय,” माउली म्हणाल्या. मडके काढून घेणे हीही दयाच.

हे सर्व पाहून झाल्यावर मी त्या गृहस्थांना म्हणालो, “आपण सांगता ‘मी पाळतो’. पण झाडताना, फुंकताना मला तर माउलीच दिसल्या.” ते ओशाळून हसले. अहो, पुष्कळ घरांतले हेच आहे. पाळणारा एक आणि राबणारी दुसरी.

आता प्रश्नाचे उत्तर. सेवा की बंधन?

कोणी म्हणेल, पुंडलिकाने आईबापांच्या सेवेसाठी प्रत्यक्ष देवाला विटेवर थांबविले. तर मग मुक्या जीवांसाठी वारी राहिली म्हणून काय बिघडले? युक्तिवाद गोड आहे. पण पुंडलिकाने आईबापांना पिंजऱ्यात घातले नव्हते! त्याची सेवा ही त्यांनी केलेल्या उपकाराची फेड होती. आपली पाखरांची सेवा ही आपणच घेतलेल्या स्वातंत्र्याची फेड आहे. म्हणून ती पुण्याच्या खात्यात लिहू नये, ऋणाच्या खात्यात लिहावी. ऋण फेडणाऱ्याला हप्ता चुकविता येत नाही आणि त्याचा डौलही मिरविता येत नाही.

म्हणून मी त्यांना सांगितले, बजरीगर आणि कॉकटेल यांना आपल्या रानात सोडणे म्हणजे मारणे. ही परदेशची जात. येथला कावळा, शिक्रा, येथला उन्हाळा यांपुढे त्यांचा टिकाव लागणार नाही. जे आहेत ते त्यांच्या आयुष्याच्या अंतापर्यंत सांभाळा, नवे आणू नका. शेजारचा एखादा मुलगा तयार करा, त्याला फुंकर मारायला शिकवा, आणि एक वर्ष तुम्ही वारीला जा, एक वर्ष माउलींना पाठवा. दोघांना पंढरपूर एकदम जमले नाही तर जवळच वढ्याला, वर्धा-पैनगंगेच्या संगमावर, कार्तिकीला विठोबा आहेच. सकाळी जाऊन दिवेलागणीला परत येता येते.

“आनि राघूचं?” माउलींनी विचारले. प्रश्नाचा गाभा हाच होता.

राघूची गोष्ट निराळी. तो आपल्या रानातला आहे. कंठवाला राघू, खांद्यावर तांबडा डाग असलेला मोठा पहाडी, तांबूस-जांभळ्या डोक्याचा लहान पोपट, हे सर्व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राखलेले आहेत. १९९१ च्या दुरुस्तीने देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नव्या दुरुस्तीनंतरही हे रक्षण कायम आहे. पकडणे, विकणे, विकत घेणे, घरी ठेवणे, सर्व गुन्हा. तरीही जत्रांत, रेल्वेच्या पुलाखाली, आठवडी बाजारात पिले विकली जातात आणि आपणच ती घेतो.

ही पिले येतात कोठून? बाणभट्टाने सातव्या शतकात हे लिहून ठेवले आहे. त्याच्या ‘कादंबरी’त कथा सांगणारा पोपटच आहे. आज आपण मराठीत ज्याला कादंबरी म्हणतो, ते नावच त्या ग्रंथावरून आलेले. विंध्याच्या अरण्यात एका जुनाट सावरीच्या ढोलीत तो जन्मला. म्हातारा बाप पिलाला पंखांखाली घेऊन बसलेला. एक शबर झाडावर चढतो, ढोल्यांत हात घालून एकेक पाखरू मान मुरगळून खाली टाकतो. बापाचा जीव जातो. त्याच्या पंखाला बिलगलेले पिलू वाळल्या पानांच्या राशीत पडते म्हणून वाचते, आणि पुढे एक मुनिकुमार त्याला उचलून पाणी पाजतो. तेराशे वर्षे होऊन गेली, पण आजही हात तसाच ढोलीत जातो. माघ-फाल्गुनापासून चैत्रापर्यंत राघूची अंडी-पिले ढोलीत असतात. पिलाला पुरती पिसे येण्याआधी ओढून काढतात, पिशवीत कोंबतात, आणि वाटेत कितीतरी मरतात. पुष्कळदा ढोली मोठी करण्यासाठी झाडच फोडतात. मग पुढच्या वर्षी तेथे घरटेही होत नाही. जत्रेत आपण एका पिलाचे पैसे मोजतो, तेव्हा मेलेल्या भावंडांचेही मोल आपणच दिलेले असते.

कित्येक भाविक यावर एक उपाय करतात. एकादशीला पारध्याकडून पाखरे विकत घेतात आणि सोडतात. हेतू शुद्ध, पण फळ उलटे. विकत घेतले की मागणी झाली. मागणी झाली की उद्या पुन्हा जाळे लागले. पारध्याला पैसे, आपल्याला पुण्याचे समाधान, आणि पाखराला दोनदा यातना. हे पुण्य नव्हे.

त्या गृहस्थांच्याही मनात होते, की येत्या एकादशीला पिंजऱ्याचे दार उघडावे. मी म्हणालो, “असे करू नका. एकोणीस वर्षे ज्याने पंख ताणले नाहीत, कोणत्या झाडाला कधी फळ येते हे ज्याला आईबापांनी दाखविले नाही, ससाण्याची सावली ज्याला ओळखता येत नाही, त्याला उघड्यावर सोडणे ही मुक्ती नव्हे, टाकून देणे आहे. वनविभागाला स्वतः होऊन कळवा. १९२६ हा त्यांचा फोन आहे. त्यांच्या उपचार केंद्रांत जाणती माणसे असतात. पाखरू उडण्याजोगे असेल तर सवय करून रानात सोडतात, नसेल तर आपल्या जातीच्या सोबतीत ठेवण्याचा प्रयत्न करतात.”

माउली पुष्कळ वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो मले आजी म्हनते जी. मी गेली का त्याले कोन हाय?”

सज्जनहो, त्या क्षणी माझ्यापुढे सहावा अध्याय उभा राहिला. नळीला कोण लटकले होते? राघू तर तारेत होता, त्याच्या हाती काही नव्हते. नळी आपण धरली होती! ‘माझ्यावाचून त्याला कोण?’ ही ती नळी. पाखराने आपल्याला बांधले आहे असे आपण म्हणतो, आणि पंजे मात्र आपलेच आवळलेले असतात. दृष्टान्तातला राघू म्हणजे पिंजऱ्याबाहेर उभा असलेला माणूस, हे मला त्या पडवीत जितके स्वच्छ दिसले तितके पोथीत दिसले नव्हते.

मी त्यांना एवढेच म्हणालो, “माउली, तुम्ही विचारता की मी गेल्यावर त्याला कोण? राघू पिंजऱ्यात पंचवीस-तीस वर्षेही जगतो. म्हणून हा प्रश्न आजच सोडविला पाहिजे. तुम्ही असतानाच त्याला त्याचे कोणी मिळू द्या.”

सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याच्या आधी त्यांनी स्वतः फोन केला. वनविभागाची माणसे आली. राघूला कापडाने झाकलेल्या पेटीत घेतले. माउलींनी त्याच्याबरोबर पेरूची एक फोड दिली. पेटीतून आवाज आला, “आजी!” त्या दाराआड गेल्या. थोड्या वेळाने बाहेर येऊन त्यांनी उरलेल्या वीस पाखरांच्या वाट्यांवर फुंकर मारली, दाणा घातला, आणि मग काल्याला आल्या. या कृतीला मी वैराग्य म्हणतो. वैराग्य म्हणजे प्रेम आटणे नव्हे. प्रेम तेवढेच राहून मूठ उघडणे, ते वैराग्य.

आता शेवटची एक गोष्ट, पोपटपंचीविषयी. अर्थ न कळता केलेल्या पाठांतराला आपण पोपटपंची म्हणून हिणवितो. पण पोपट माणसाची भाषा का बोलतो, याचा विचार करावा. रानातला राघू माणसासारखे बोलत नाही. त्याला गरज नसते. थव्यातला प्रत्येक पक्षी दिवसभर हाका घालीत असतो. मी येथे आहे, तू कोठे आहेस? उत्तर आले की त्याचा जीव निवांत होतो. पिंजऱ्यात एकटा पडलेला राघू हाका घालतो, पण थव्याचे उत्तर येत नाही. मग घरातली माणसे हाच आपला थवा समजून तो त्यांची हाक शिकतो. त्या घरी विठ्ठल, विठ्ठल चालते म्हणून तो ‘विठ्ठल’ म्हणतो. त्याला पंढरपूर ठाऊक नाही. पण ‘कोणी आहे का माझे?’ हे त्या शब्दामागे आहे. म्हणजे शब्द आपला, आणि तळमळ त्याची.

आपल्याला मात्र शब्दाचा अर्थ कळतो, व्युत्पत्ती सांगता येते, आणि तळमळीच्या ठिकाणी फोल असते. तेव्हा पोपटपंची नक्की कोणाची, हे ज्याचे त्याने पाहावे. तिन्हीसांजेला राघूंचे थवे मुक्कामाच्या झाडाकडे परतताना केवढा कलकलाट करतात! प्रत्येक जण आपल्या माणसाला हाक मारीत असतो आणि अंधार पडेतो कोणी थांबत नाही. आपला आयुष्याचा दिवस मावळण्यापूर्वी नाम तसे निघावे. जे जीव आपण कोंडले आहेत त्यांची फेड रोज करावी, नवा जीव कोंडू नये, ज्याचे रान आहे त्याला रानाच्या वाटेला लावावे, आणि मोकळ्या मुठीने टाळी वाजवावी. मूठ आवळलेली असली तर टाळी वाजत नाही.

रामकृष्णहरी.